कुलपावरचा मिशीवाला

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या भावजींना आजवर कधी काहीही झालेलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, ही तक्रार आहे. तक्रार मूळची त्यांच्या बायकोची, म्हणजे ताईंची. मी ती फक्त मजल्यामजल्यावर पोचवते. मी कुणाच्या चहाड्या करत नाही. माझ्यापर्यंत आलेली माहिती शिळी होऊ नये, एवढीच काळजी घेते.

भावजी कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात वायरमन आहेत. तिथे चादरी शेकड्यांनी धुतल्या जातात आणि धुण्याची यंत्रं एवढी मोठी, की दुरुस्तीला माणूस चक्क आत शिरतो. अशा ठिकाणी एकतीस वर्षं विजेशी खेळून या माणसाच्या अंगावर एक ओरखडा नाही. दहाही बोटं जागच्या जागी. भुवया शाबूत. डोक्यावर केस नाहीत, पण ते आपणहून गेलेत, त्यात विजेचा हात नाही.

"चार माणसांत सांगायला एक गोष्ट नाही हो ह्यांच्याकडे," ताई म्हणायच्या. "लोकांचे नवरे काय काय सांगतात. ह्यांना विचारलं आज काय झालं, तर म्हणतात, काही नाही. एकतीस वर्षं रोज काही नाही!"

त्या 'लोकांचे नवरे' म्हणायच्या, तेव्हा त्यांचा रोख आमच्या ह्यांच्याकडे असायचा. आमचे हे शूर आहेत. मेन स्विच बंद न करता फ्यूज बसवायचा, चालत्या मिक्सरमध्ये चमचा घालायचा, स्टूल हाताशी असताना दोन उशा आणि एक सुटकेस रचून माळ्यावर चढायचं. त्यांच्या अंगावरच्या प्रत्येक डागाची एक गोष्ट आहे आणि प्रत्येक गोष्ट दरवर्षी थोडी वाढते. भुवई जळाल्याच्या गोष्टीत हल्ली आगीचे दोन बंब आलेत. प्रत्यक्षात ती मी ओल्या फडक्यानं विझवली होती.

भावजींचं सगळं याच्या उलट. घरातला दिवा बदलायचा तर स्टूल ताईंनी दोन्ही हातांनी धरायचं. बोललेलं चालतं, हसलेलं चालत नाही. रस्ता ओलांडताना उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे बघणार, आणि घराबाहेर पडताना फोन बंद करणार. "वाजला की लक्ष जातं," म्हणतात. मग फोन घेतला कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "घरी असलो की करा की फोन." घरी असले की मी खिडकीतूनच हाक मारते!

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचं कुलूप. लाल रंगाचं, मुठीएवढं. विजेचं काहीही काम काढलं, की आधी मेन स्विच बंद करायचा, त्याच्या दांड्याला हे कुलूप घालायचं आणि किल्ली शर्टाच्या डाव्या खिशात टाकून वर बटण लावायचं. कुलपाला एक प्लास्टिकची पाटी लटकते. तिच्यावर लिहिलंय, 'काम चालू आहे. हे कुलूप माझं आहे. मीच काढणार.' आणि खाली भावजींचा फोटो. कारखान्यानं कुलूप दिलं तेव्हाचा, पंचविशीतला. डोक्यावर घनदाट केस आणि ओठांवर अशी मिशी, की बघणाऱ्यानं स्विचपासून आपोआप दोन पावलं मागं सरावं. आज त्या मिशीचंही काही शिल्लक नाही. "ह्यांचा एकच फोटो बरा आलाय," ताई म्हणतात, "आणि तो कुलपाला लटकवलाय."

मला वाटायचं, या माणसानं तरुणपणी नक्की काहीतरी भयंकर पाहिलं असणार. तसं काही असतं तर मला ते माहीत असायला हवं होतं. म्हणून एकदा सरळ विचारलं, "भावजी, तुमच्या कारखान्यात कधी मोठा अपघात झाला होता का हो?"

"नाही वहिनी."

"मग एवढं कुलूपबिलूप?"

"म्हणूनच नाही झाला," ते म्हणाले आणि उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे बघून निघून गेले. अशा माणसाबद्दल पुढे काय पसरवणार?

त्यानंतर तो रविवार आला.

सकाळीच वरच्या मजल्यावरून निरोप आला, की नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येतायत. आमचे हे हसले. म्हणाले, "वय झालं की येतात मुंग्या." भावजी हसले नाहीत. ते टेस्टर घेऊन वर गेले, खाली आले, मागच्या अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून आत वाकून बघितलं. नळाचं पाणी आधी त्या टाकीत येतं, तिच्या तळाशी पंप आहे, आणि तो पंप पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो. पंपाची वायर पाण्यात कुठेतरी उघडी पडली असावी, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जाऊन पंपाचा स्विच बंद केला, मिशीवाला लटकवला, किल्ली खिशात टाकली, बटण लावलं आणि नवी वायर आणायला गेले. रविवार असल्यामुळे जवळचं दुकान बंद. मग ते लांबच्या दुकानाकडे चालत निघाले. फोन अर्थातच बंद.

इकडे रविवार म्हणजे सगळ्यांच्या आंघोळी सावकाश, डोक्यावरून आणि भरपूर. दहाच्या सुमाराला गच्चीवरची टाकी कोरडी झाली. नळ खाकरले आणि गप्प बसले.

आता आमच्या घरात त्या क्षणी काय चाललं होतं, ते सांगणं भाग आहे. आमच्या ह्यांचे केस काळेभोर आहेत. घराण्यातच आहेत, असं ते सगळ्यांना सांगतात. खरं म्हणजे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दार लावून कलप लावला जातो आणि मागची बाजू मी लावते. हे गुपित मी बारा वर्षं पोटात ठेवलं होतं. माझ्या पोटात बारा वर्षं राहिलेली दुसरी कुठलीही गोष्ट मला आठवत नाही. तर त्या दिवशी मागची बाजू नुकतीच लावून झाली होती आणि पाणी गेलं.

"चाळीस मिनिटांच्या आत धुवायला हवं," बाथरूममधून आवाज आला, "नाहीतर कातडी सोलते. जा, खाली बघ काय झालंय."

मी खाली गेले. मीटरच्या खोलीसमोर आधीच अर्धी इमारत जमली होती आणि सगळ्यांपुढे तळमजल्यावरचे टेलर. त्यांना दुपारपर्यंत एक कोट इस्त्री करून द्यायचा होता आणि वाफेच्या इस्त्रीत घालायला पाणी नव्हतं. सगळ्यांच्या समोर तो मिशीवाला लटकत होता.

"गेले हे कुलूप लावून गावभर हिंडायला," टेलर म्हणाले. "मुंग्या काय, गेली दोन वर्षं येतायत मला. मेलो का मी?"

खरंच मेले नव्हते. मुद्दा बिनतोड वाटला.

"आपण दहा मिनिटं पंप चालवू," कुणीतरी म्हणालं. "दहा मिनिटांनी काय होतंय?"

"पण कुलूप?"

तेव्हा मी जे बोलले ते आजही आठवलं की माझी मलाच एक द्यावीशी वाटते. मी म्हणाले, "आमच्याकडे लोखंड कापायची करवत आहे." शूर माणसाच्या घरात हत्यारांची कमी नसते. मी धावत वर गेले, पेटीतून करवत काढली आणि बाथरूमच्या बंद दाराला ऐकवलं, "आलंच हं पाणी!" दारानं उत्तर दिलं नाही. मला वाटलं, रागावलेत.

ते रागावलेले नव्हते, ते तिथे नव्हतेच. मला ते नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. मी पहिल्यांदा खाली गेले तेवढ्यात ह्यांनी कमरेला टॉवेल गुंडाळला, बादली घेतली आणि मागच्या जिन्यानं गुपचूप अंगणात उतरले. टाकीचं झाकण भावजींनी अर्धवट सरकवलेलं होतंच. ते लोखंडी शिडीनं आत उतरले. गुडघाभर पाणी होतं. तिथेच डोकं धुवावं, की बादली भरून वर न्यावी, या विचारात होते, एवढ्यात पुढच्या बाजूनं माणसांचा गलका ऐकू आला. कलप लावलेलं डोकं घेऊन बाहेर कसं यायचं? म्हणून त्यांनी झाकण आतून थोडं ओढून घेतलं आणि लोक पांगण्याची वाट बघत पाण्यात उभे राहिले. पंपाच्या शेजारी. पंप, वायर असले शब्द त्यांच्या कानावर येत होते म्हणे. पण मुंग्यांवर त्यांचा विश्वासच नव्हता. उलट पंप चालू झाला तर बरंच, लोक जातील, असा त्यांचा हिशोब.

आणि मी करवत घेऊन खाली.

मीटरच्या खोलीच्या दारात ताई उभ्या होत्या. हातात अर्धवट विणलेला स्वेटर, सुया तशाच खोचलेल्या.

"हे वायर आणायला गेलेत," त्या म्हणाल्या. "आले की उघडतील."

"ताई, दहा मिनिटांचा प्रश्न आहे," टेलर म्हणाले. "चालवतो, बंद करतो. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"कापलेलं कुलूप कळणार नाही? चष्मा आहे त्यांना, पण दिसतं हो चष्म्यातून."

"नवीन आणून देतो."

"आणि मिशी कुठून आणणार?"

लोक हसले. मीही हसले. मग मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "ताई, तुम्हीच म्हणता ना, ह्यांचं हे कुलपाचं खूळ म्हणजे डोक्याला ताप आहे म्हणून?"

"मी म्हणेन," ताई म्हणाल्या. "मी बायको आहे. तुम्ही म्हणायचं काम नाही."

पण आम्ही आठ-नऊ जण आणि त्या एकट्या. टेलर हलकेच त्यांच्या बाजूनं आत सरकले, कुलूप एका हातात धरलं आणि करवत चालवायला लागले. खर्र, खर्र. फोटोतला मिशीवाला हेलकावे खायला लागला. ताईंनी क्षणभर त्या फोटोकडे बघितलं, आणि मग माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा त्यांना भावजींच्या आवाजात बोलताना ऐकलं. तसाच सावकाश, तसाच कंटाळवाणा.

"कापा," त्या म्हणाल्या. "पण स्विच चालू करायच्या आधी मोजा."

"काय मोजा?"

"माणसं. हे कारखान्यात कुठलंही यंत्र चालू करायच्या आधी सगळी माणसं मोजतात. समोर उभी करून, एकेकाकडे बोट दाखवून. आपापल्या घरातली माणसं मोजून या. तोवर मी स्विचला हात लावू देणार नाही. आधी ही सुई खावी लागेल."

सुई चांगली वीतभर होती. टेलर म्हणाले, "आमच्या घरचे तिघंही इथेच आहेत." इतरांनीही इकडेतिकडे बघून आपापली माणसं मोजली. माझ्याकडे आल्यावर मी म्हणाले, "आमचे हे बाथरूममध्ये आहेत."

"बघितलंत?"

"बघायचं काय त्यात? मीच तर त्यांच्या डोक्याला..." मी जीभ चावली. "आहेत हो आत."

"मग मोजू नका," ताई म्हणाल्या. "दिसलेला माणूस मोजायचा. असेल असं वाटणारा मोजायचा नाही. एकतीस वर्षं जेवताना हेच ऐकतेय, पाठ झालंय मला. जा, बघून या."

मी पाय आपटत वर गेले. काय हा जाच, असं मोठ्यानं म्हणत गेले, म्हणजे खाली ऐकू जावं. बाथरूमचं दार ढकललं. आत कलपाची वाटी होती. ब्रश होता. माणूस नव्हता.

मी आधी पलंगाखाली बघितलं. का ते विचारू नका. मग स्वयंपाकघरात आले, तर मागचं दार उघडं आणि उंबऱ्यावर एक काळा थेंब. पुढच्या पायरीवर दुसरा. कठड्यावर पाच काळी बोटं. मी थेंबांमागोमाग दोन जिने उतरले आणि वळणावरच्या खिडकीतून मला अंगण दिसलं. काळे थेंब ओळीनं फरशीवरून जात होते आणि टाकीच्या झाकणापाशी संपत होते.

पुढच्या बाजूनं खर्र, खर्र चालूच होतं.

माझा आवाज मोठा आहे, असं लोक माझ्या पाठीमागे म्हणतात. तो मोठा आहे. त्या दिवशी तो पहिल्यांदा कुठल्या कामाला आला. "थांबा!" मी अशी ओरडले, की समोरच्या इमारतीतले लोकही हातातलं काम टाकून थांबले. खर्र बंद झालं. टेलरनी नंतर मला ते कुलूप दाखवलं. "दोन दोऱ्यांवर होतं वहिनी," ते म्हणाले, आणि टेलरला दोरा किती जाड असतो ते माहीत असतं.

टाकीचं झाकण हललं. आतून एक डोकं वर आलं. काळं, चकचकीत, कपाळावर आणि कानांवर ओघळ आलेले.

"ओरडू नकोस," डोकं कुजबुजलं. "लोक येतील."

"लोक आलेत," मी म्हणाले.

खरंच आले होते. सगळे, ओळीनं. टेलरच्या हातात अजून करवत होती. ह्यांनी एकदा लोकांकडे बघितलं, एकदा पुन्हा आत जाता येईल का ते बघितलं. मग एक हात टॉवेलवर आणि एक हात शिडीवर ठेवून वर आले. कुणी हसलं नाही. तेव्हा मला कळलं, की प्रकरण फार गंभीर आहे.

भावजी अकरा वाजता आले. खांद्यावर वायरचं वेटोळं. त्यांनी जवळजवळ कापलेलं कुलूप बघितलं, टेलरना बघितलं, आमच्या ह्यांना बघितलं. कुणी कापलं, असं विचारलं नाही. पिशवीतून दुसरं कुलूप काढलं (हो, दुसरं असतं त्यांच्याकडे) आणि ते लावून मगच पहिलं काढलं. मग टाकीत उतरून जुनी वायर पंपापासून सोडवली आणि वर आणून फरशीवर पसरली. वरचं आवरण चार बोटं झिजून गेलं होतं आणि आतलं तांबं उन्हात नव्या नाण्यासारखं चमकत होतं.

"किती खोल होतं हे?" आमच्या ह्यांनी विचारलं.

भावजींनी त्यांच्या पायांकडे बघितलं. गुडघ्याच्या जरा खाली पाण्याची काळपट रेघ उमटली होती. भावजींनी वायरचा तो उघडा भाग त्या रेघेच्या चार बोटं खाली धरून दाखवला आणि वायर परत खाली ठेवली. आमचे हे फरशीवरच बसले. त्या दिवसानंतर आजपर्यंत त्यांनी भुवईची गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. बंब परत गेले म्हणायचे.

दुपारी एक वाजता नवी वायर बसली. भावजींनी किल्ली काढण्याआधी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि एकेकाकडे बोट दाखवून मोजलं. आमच्या ह्यांच्याकडे बोट वळायच्या आधीच ह्यांनी हात वर केला. टॉवेल डोक्याला गुंडाळला होता, कारण चाळीस मिनिटं केव्हाच उलटून गेली होती आणि कपाळ, कान आणि मानेची मागची बाजू पुढचे पंधरा दिवस काळीच राहायची होती. पंप सुरू झाला. नळ खाकरले आणि वाहायला लागले.

"बघा," ताई संध्याकाळी मला म्हणाल्या, "एकतीस वर्षांत एकदाची सांगण्यासारखी गोष्ट घडली, आणि तेव्हा हे दुकानात वायर मोजून घेत होते!"

"पण तुम्ही होतात ना."

"मी होते," त्या म्हणाल्या आणि सुईवर दोन टाके जास्तच घट्ट ओढले. "आत कुणी आहे हे मला कुठे माहीत होतं? मला वाटत होतं, सगळे आले आणि मोजून काहीच निघालं नाही, तर उद्यापासून ह्यांच्या कुलपाला कोण विचारणार?"

मी त्यांचे आभार मानायला तोंड उघडलं. मला बोलता येईना. ताईंनी स्वेटर खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "बरं नाही का तुम्हाला?"

दोन दिवसांनी भावजी आमच्या दारात आले. हातात नवं कोरं लाल कुलूप आणि कोरी पाटी. आमच्या ह्यांच्यापुढे ठेवलं. म्हणाले, "त्या दिवशी टाकीत तुम्ही होतात आणि स्विचवर कुलूप माझं होतं. ते बरोबर नाही. आत जाईल त्यानं स्वतःचं लावायचं. पाटीला एक फोटो लावून घ्या."

आमच्या ह्यांनी फोटोंचे डबे उपसले. दोन दिवस निवडत होते. शेवटी लग्नाआधीचा एक निघाला, दाट केसांचा, मान जरा तिरकी केलेला. तो त्यांनी पाटीवर चिकटवला आणि कौतुक ऐकायला पहिल्यांदा ताईंना दाखवायला खाली नेला.

ताईंनी चष्मा वर केला, पाटी जवळ धरली, लांब धरली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कोण आहे हा?"